पात्रता कोणाची तपासायची?

पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात निघाली की उमेदवाराची नजर आधी टक्केवारीवर जाते. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम काढले. त्यात एम.फिल. बंद झाले, प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती गेली, चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.ची वाट मोकळी झाली. एवढी उलथापालथ झाली, पण ५५ टक्क्यांचा उंबरठा जागचा हलला नाही. रसायनशास्त्राला जो उंबरठा, तोच आरोग्य आणि अपंगत्व या विषयात संशोधन करू पाहणाऱ्यालाही.

या विषयात तो उंबरठा वेगळाच परिणाम घडवतो. अपंगत्व अभ्यास हा विषय मुळातच विचारतो की माणसाला अडवते कोण, त्याचे शरीर की भोवतालची व्यवस्था? त्याच विषयाच्या प्रवेशाच्या रांगेत व्यवस्था माणसाला अडवत असेल, तर वर्गात काय शिकवले जाते याला फारसा अर्थ राहत नाही. आजच्या प्रवेशअटी उमेदवाराचे मागचे शिक्षण किती सोयीचे झाले, हे मोजतात. तो पुढे काय शोधून काढू शकेल, हे त्यांतून कळत नाही. आणि पात्रता तपासायचीच असेल, तर आधी संस्थेची तपासायला हवी. तो प्रश्न आपल्या प्रवेशप्रक्रियेत कुठेच येत नाही.

हा विषय विद्यापीठांच्या डोक्यातून निघालेला नाही. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या अपंग माणसांच्या एका छोट्या संघटनेने, ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ने, एक पुस्तिका काढली. शरीरातली उणीव वेगळी आणि ती आहे म्हणून समाजाने लादलेली बंधने वेगळी, अशी त्यातली मांडणी होती. संघटनेचा संस्थापक पॉल हंट अपंगांच्या निवासी संस्थेत बरीच वर्षे राहिलेला. त्याचा सहकारी व्हिक फिंकेलस्टाइन दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध काम केल्याबद्दल तुरुंगवास भोगून आलेला, चाकाच्या खुर्चीवर फिरणारा. त्यांच्या मांडणीला १९८३ मध्ये ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव देणारा मायकेल ऑलिव्हर किशोरवयात पोहण्याच्या तलावात सूर मारताना मान मोडून घेतलेला. तो पुढे ब्रिटनमधला या विषयाचा पहिला प्राध्यापक झाला.

या विषयाचा ब्रिटनमधला पहिला अभ्यासक्रम १९७५ मध्ये सुरू झाला, तो ओपन युनिव्हर्सिटीत. पदवीच्या प्रवेशासाठी आधीच्या कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र न मागणारे हे विद्यापीठ. मला हा योगायोग वाटत नाही. आजारपणाने शाळा सुटलेली किंवा विशेष शाळेत जुजबी लिहिण्यावाचण्यापुरती शिकवली गेलेली माणसे ऑक्सफर्डच्या दारातून आत शिरलीच नसती. गुणपत्रिकेची अट नसलेल्या जागी हा विषय रुजला. पुढे तो वाढला, आणि १९९८ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात अमेरिकेतला अपंगत्व अभ्यासाचा पहिला पीएच.डी. अभ्यासक्रम उभा राहिला. विषयाला डॉक्टरेट मिळाली, तेव्हा तो घडवणाऱ्या माणसांसारख्यांना आत येण्याची वाट किती उरली, हे प्रत्येक विद्यापीठाने स्वतःला विचारायला हवे.

सारख्या अटीने काय होते, त्याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. एड रॉबर्ट्सला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे जवळजवळ सगळे शरीर लुळे पडले. तो शाळेचा अभ्यासक्रम शिकला, पण शाळेने त्याचे प्रमाणपत्र अडवले, कारण मोटार चालवण्याचा आणि शारीरिक शिक्षणाचा भाग त्याने पूर्ण केला नव्हता. त्याच्या आईला शाळा मंडळाकडे दाद मागावी लागली. १९६२ मध्ये तो बर्कलीला आला. श्वासासाठी लागणारे अवाढव्य लोखंडी यंत्र वसतिगृहात ठेवता येईना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयाचा वॉर्ड हेच त्याचे वसतिगृह झाले. हा माणूस कधी नोकरी करू शकणार नाही, असे म्हणून राज्याच्या पुनर्वसन खात्याने सुरुवातीला त्याला मदत नाकारली होती. १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याच खात्याच्या संचालकपदी त्याची नेमणूक केली.

ही गोष्ट सहसा शेवटच्या वाक्यासाठी सांगितली जाते आणि सभागृहात टाळ्या पडतात. मला तिच्यातली मोटार चालवण्याची अट महत्त्वाची वाटते. ती कोणी आकसाने घातलेली नव्हती. सगळ्या मुलांना ती सारखीच लागू होती, आणि सारखी लागू आहे एवढेच तिचे समर्थन होते. आपल्या ५५ टक्क्यांचे समर्थनही तेवढेच आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग माणसे होती. त्यांपैकी जी पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचतात त्यांच्या गुणपत्रिकेत काय उतरते, ते जवळून पाहायला हवे. माझ्या परिचयाची एक दृष्टिहीन मुलगी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी बी.ए. झाली आणि शहरात येऊन समाजशास्त्रात एम.ए. झाली. तिच्या संगणकावर एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर आहे. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर ते मराठी बरे वाचते. अडचण मजकुराची असते. ग्रंथालयाने दिलेले मराठी पुस्तक म्हणजे पानांचे काढलेले फोटो. तिने फाइल उघडली की संगणकाचा आवाज सांगे, पान रिकामे आहे. डोळस माणसाला ओळीन् ओळ भरलेले दिसणारे पान! विद्यापीठाच्या जुन्या नोट्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्या उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ ऐकू येई. शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात प्रबंधांचा मोठा साठा आहे, पण जुन्या मराठी प्रबंधांची तिथलीही गत बरेचदा हीच. मग मैत्रिणींकडून प्रकरणे फोनवर वाचून घ्यायची, ध्वनिमुद्रण जपून ठेवायचे, आणि परीक्षेच्या तोंडावर हवा तो परिच्छेद सापडावा म्हणून दोन तासांचे मुद्रण पुन्हा पहिल्यापासून ऐकायचे.

तिला ५३ टक्के मिळाले. नियमाने ती पात्र आहे, कारण सवलत धरून ५० पुरतात. मग तक्रार कशाची? सवलत देण्यामागच्या समजुतीची. ही मुलगी थोडी कमी पडते, पण आपण चालवून घेऊ, असे त्या ५ टक्क्यांत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कमी पडले होते ते ग्रंथालय, आणि ती उणीव तिच्या गुणपत्रिकेवर चढली. ग्रंथालयाला कोणी गुण दिले नाहीत. तिची वर्गमैत्रीण तोच संदर्भ पंधरा मिनिटांत वाचून ६२ टक्क्यांवर गेली. दोघींच्या आकड्यांतल्या फरकातून त्यांच्या संशोधनक्षमतेबद्दल काही कळते, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकेल का? उलट, न वाचता येणाऱ्या साठ्यातून वाट काढत, कोणाकडून काय वाचून घ्यायचे आणि कोणत्या मुद्रणावर विसंबायचे हे ठरवत तिने जे एम.ए. केले, त्यात संशोधनाची अर्धी तालीम होऊन गेली होती. अर्जात ते लिहायला रकाना नाही.

टक्क्यांची पायरी ओलांडली की प्रवेश परीक्षा. विद्यापीठाची ‘पेट’ असो वा राष्ट्रीय पातळीवरची नेट, हिशेब साधारण सारखा: लेखीला ७० टक्के भार, मुलाखतीला ३०. विद्यापीठाच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असण्याची अट घातली. गैरप्रकार होऊ नये म्हणून हा नियम समजण्यासारखा आहे. पण संशोधन पद्धतीच्या पेपरात पडद्यावर एक तक्ता येतो, चार रकाने, सहा ओळी, खाली सहसंबंधाचा प्रश्न. संख्याशास्त्र कधी न शिकलेला लेखनिक तो आडवा वाचत जातो. उमेदवाराला तो उभा ऐकायचा असतो. कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हे विचारून, पुन्हा वाचून घेऊन तक्ता मनात उभा राहीपर्यंत जादा मिळालेली मिनिटे त्या एका प्रश्नावर संपतात.

शिवाय ही परीक्षा वेगाची आहे आणि ज्या कामासाठी ती घेतली जाते ते काम संथ आहे. पीएच.डी.ला नियमच तीन ते सहा वर्षे देतात, पुनर्नोंदणीने आठ. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दहा वर्षांपर्यंत. म्हणजे काम सावकाश होते, शरीर आणि संसार त्यात वेळ मागतात, हे आयोगाने मान्य केले आहे. मग दहा वर्षे चालू शकणाऱ्या कामाची योग्यता मिनिटाला जवळपास एक प्रश्न या गतीने का मोजायची?

तिसरी पायरी प्रमाणपत्राची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात सिकलसेल आला, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले, पार्किन्सन आला. इथेच आरोग्य आणि अपंगत्व हे दोन विषय एकमेकांत मिसळतात, आणि इथेच आरक्षणासाठीची ४० टक्के अपंगत्वाची रेघ सर्वांत ओबडधोबड ठरते. गडचिरोलीतल्या सिकलसेल असलेल्या मुलाचा विचार करा. एरवी तो चालतो, बोलतो, क्रिकेटही खेळतो. वेदनेचा झटका आला की सलाइन लावून आठवडाभर पडून असतो. सिव्हिल हॉस्पिटलचे मंडळ त्याला ज्या दिवशी तपासते, त्या दिवशी तो कसा आहे यावर आकडा ठरू नये, पण चढउतार होणारा आजार एका आकड्यात बसवायचा म्हटले की नेमके तेच होण्याचा धोका असतो. आकडा ३९ आला तर प्रवेशाचे आरक्षण नाही, दोन वर्षांची मुदतवाढ नाही. आजार मात्र तोच.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले की लेखनिकासारखी सोय केवळ ४० टक्क्यांवरच्यांसाठी राखून ठेवता येत नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि तो लोकसेवा आयोगाशी भांडत होता. त्याच वर्षी अवनी प्रकाश प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या अपिलावर, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत जादा तास नाकारल्याबद्दल न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला जबाबदार धरले. कायदा एवढा पुढे गेला आहे, तरी कित्येक ऑनलाइन अर्जांत ‘४० टक्के किंवा अधिक’ हा एकच पर्याय असतो आणि तो निवडल्याशिवाय सोयी मागण्याचे पान उघडतच नाही.

२०२४ मध्ये प्रशासकीय सेवेतल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात वादळ उठले. त्यानंतर समाजमाध्यमांवर प्रत्येक अपंग अधिकाऱ्याकडे, विद्यार्थ्याकडे संशयाने पाहण्याची लाट आली. खोटी प्रमाणपत्रे पकडली पाहिजेत, यात दुमत नाही. पण दिसून न येणारे अपंगत्व असलेल्या खऱ्या उमेदवाराने त्याची किंमत किती काळ मोजायची?

गेल्या काही वर्षांत याच प्रश्नावर सर्वांत मोठी झेप घेतली गेली ती वैद्यकीय प्रवेशांत. मुंबई उच्च न्यायालयात दिलासा न मिळालेला ओंकार गोंड हा विद्यार्थी बोलण्याच्या अपंगत्वाच्या टक्केवारीवरून एमबीबीएसला अपात्र ठरवला गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की टक्केवारीचा आकडा स्वतःहून कोणाला अपात्र ठरवत नाही. हा अभ्यासक्रम ही व्यक्ती पूर्ण करू शकते का, हे मंडळाने तपासायला हवे. त्याच महिन्यात स्नायूंचा विकार असलेल्या ओम राठोडच्या प्रकरणात, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ या अटीबाबतच्या अनमोल प्रकरणात, न्यायालय याच दिशेने गेले. शरीराची मोजणी बाजूला ठेवून, योग्य सोयी दिल्यावर माणूस काय करू शकतो, हे पाहायचे. ज्या अभ्यासक्रमात शवविच्छेदन आहे, शस्त्रक्रिया आहेत, तिथे हा प्रश्न बदलला. समाजविज्ञानातल्या पीएच.डी.ला वैद्यकीय तंदुरुस्तीची अट नसते, त्यामुळे तिथली अडवणूक उघड दिसत नाही आणि न्यायालयापर्यंतही पोहोचत नाही. ती गुणपत्रिकेत, पेपरच्या वेळेत आणि अर्जाच्या रकान्यात विखुरलेली असते.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा येतो. मला दर्जा खाली आणायचा नाही; मला तो अधिक कडक करायचा आहे, पण दुसऱ्या ठिकाणी. केवळ अपंग आहे म्हणून कोणाला या विषयाचा डॉक्टर करावे, असे मी म्हणत नाही. भोगलेले दुःख हा पुरावा नव्हे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन महत्त्वाचे आहे, पण आत्मकथनाचे काम वेगळे आणि प्रबंधाचे वेगळे. अनुभव प्रश्न देतो. त्या प्रश्नाला पद्धत, पुरावा आणि विरोधी मताची तपासणी लागते. पुण्यात १९९९ मध्ये बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनी लहानपणी आईला मनोरुग्णालयांत ठेवलेले पाहिले होते. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तत्त्वज्ञानाच्या शिस्तीने त्यांनी मानसोपचाराच्या गृहीतकांनाच हात घातला आणि भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर अभ्यास उभा केला. त्यांची विद्याशाखा आजच्या ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’च्या यादीत सहज बसली असती का, याबद्दल मला शंका आहे.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच महत्त्वाचे. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये राणी आणि अभय बंग यांच्या चमूचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला, तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास असल्याचे त्यात दिसले. तोवर रुग्णालयांत येणाऱ्या बायकांवरून अंदाज बांधले जात होते, आणि या बायका रुग्णालयात येतच नव्हत्या. हे संशोधन करणारे वैद्यकीय शिक्षण घेतलेले, बाहेरून आलेले होते. पण ते तिथे राहिले, आणि रुग्णालयातल्या नोंदींत जे कधीच दिसले नसते ते त्यांना दिसले. म्हणून अपंगत्वावरचे संशोधन फक्त अपंगांनीच करावे, हा आग्रह मला मान्य नाही. उमेदवार कोणत्या शरीराचा आहे यापेक्षा तो कोणाच्या जवळ गेला आहे आणि कोणाला उत्तर देण्याची त्याची तयारी आहे, हे पाहायला हवे. ही अट फिजिओथेरपीच्या सुवर्णपदक विजेत्यालाही लावा. मणक्याच्या दुखापतीनंतर घरी परतलेल्या माणसांवर त्याला प्रबंध लिहायचा असेल, तर अशा माणसांबरोबर त्याने काय काम केले आहे, आणि त्याचा प्रश्न त्यांपैकी कोणाला कधी महत्त्वाचा वाटला आहे का? आज त्याला हे कोणी विचारत नाही. ६८ टक्के पुरतात.

दुसरा आक्षेप मला खरोखर अवघड वाटतो. अमेरिकेत अशा अभ्यासक्रमांसाठी सहसा उद्देशपत्र, शिफारसपत्रे आणि लेखनाचा नमुना मागतात. तोच मार्ग आपण घेतला, तर इंग्रजी सफाईने लिहिणारे, मोठ्या शहरातल्या नामवंत प्राध्यापकांचे शिफारसपत्र असलेले उमेदवार पुढे जातील. मुलाखतीवर भर दिला, तर मंडळासमोर आडनाव आणि बोलीचा हेल आधी पोहोचेल. हा धोका आपण अनुभवला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपवली होती. त्यातून जातीय पूर्वग्रहांना मोकळे रान मिळते, असा आक्षेप विद्यार्थी संघटनांनी लावून धरला, आणि २०१८ च्या दुरुस्तीत ७० आणि ३० असा भार आला. बहुपर्यायी परीक्षा कितीही यांत्रिक असली तरी उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते. दलित, आदिवासी, ग्रामीण विद्यार्थ्यांना तिच्यात जे संरक्षण वाटते ते खरे आहे, आणि अपंग विद्यार्थी बहुधा या समूहांतलाही असतो.

त्यामुळे लेखी परीक्षा काढून टाका, असे मी म्हणणार नाही. तिचे स्वरूप बदला. विषयाचा निम्मा पेपर दीर्घोत्तरी ठेवता येतो, पुस्तके उघडी ठेवून, सर्वांनाच पुरेसा वेळ देऊन. सगळ्यांना वेळ मुबलक असला की जादा वेळेची याचना करावी लागत नाही. नाव झाकलेली उत्तरपत्रिका दोघांनी तपासावी, त्यांपैकी एक या विषयात काम केलेली अपंग व्यक्ती असावी. मुलाखतीत दिलेल्या गुणांची कारणे लेखी नोंदवावीत आणि मागितल्यास उमेदवाराला द्यावीत. आधीच्या कामाचा पुरावा कोणत्याही रूपात चालावा: ग्रामसभेसाठी केलेले सर्वेक्षण, पालक गटाच्या बैठकांच्या नोंदी, सांकेतिक भाषेतले चित्रीकरण, मराठीत लिहिलेला अहवाल. २०२४ पासून नेटच्या गुणांवर थेट पीएच.डी. प्रवेशाचा जो मार्ग आयोगाने खुला केला, तो या विषयापुरता मला चुकीच्या दिशेचा वाटतो. एकच यांत्रिक परीक्षा देशभर सोयीची पडते, पण परीक्षा बदलून पाहण्याची विद्यापीठांची मोकळीक त्यात आक्रसते.

आता संस्थेकडे येतो. २०१६ च्या नियमांत मुलाखत मंडळाने पाहायच्या गोष्टींपैकी एक अशी होती की प्रस्तावित संशोधन या संस्थेत योग्य रीतीने करता येईल का. व्यवहारात याचा उपयोग उमेदवाराला परत पाठवण्यासाठीच होण्याची शक्यता अधिक. ‘आमच्याकडे दुभाषी नाही, तुम्ही दुसरीकडे पाहा.’ हेच वाक्य उलटे वाचायला हवे. संशोधन इथे होऊ शकत नसेल, तर ती संस्थेची अपात्रता आहे. कायद्यानुसार वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे. मेहरबानीचा प्रश्नच येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेची किमान मानके बंधनकारकच असायला हवीत, ती नुसती शिफारस असून चालणार नाही. तेव्हा माहितीपुस्तिकेत शुल्काच्या तक्त्याआधी एक पान संस्थेच्या पात्रतेचे असावे. संदर्भग्रंथ वाचनीय रूपात किती दिवसांत मिळेल, लिफ्ट कोणत्या मजल्यापर्यंत जाते, चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह विभागाच्या इमारतीत आहे का, सांकेतिक भाषेचा दुभाषी कोणाच्या खर्चाने येईल, आजार बळावला तर हजेरीचे काय. ज्या विभागाला हे पान भरता येत नाही, त्याने अपंगत्वावरच्या संशोधनासाठी अर्ज मागवू नयेत.

आरक्षणाचा हिशेबही इथेच तपासायला हवा. कायद्याच्या ३२ व्या कलमाने शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पीएच.डी.च्या जागा मात्र मार्गदर्शकागणिक मोजल्या जातात: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. चार जागांचे ५ टक्के म्हणजे एक पंचमांश जागा. गाइडनिहाय किंवा छोट्या विभागानिहाय हिशेब केला की राखीव जागा दशांशात विरघळून जाते, आणि कोणी नियम मोडलेलाही नसतो. जागा संपूर्ण विद्यापीठाच्या पातळीवर एकत्र मोजल्या तर शंभरात पाच उरतात. अपंग संशोधकांसाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती देशभरासाठी वर्षाला दोनशे आहेत. प्रवेशच झाला नाही तर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दूरस्थ आणि ऑनलाइन पीएच.डी.वरची बंदीही या विषयापुरती नव्याने पाहायला हवी. पदव्यांचा बाजार रोखण्यासाठी ती आली, हे मान्य. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदव्युत्तर पदवी घेता येते, आणि पुढच्या पायरीवर त्याच माणसाला सांगितले जाते की आता रोज आवारात या. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. त्यातली काही सत्रे घरून करू देणे म्हणजे दूरस्थ पीएच.डी. नव्हे, एवढा फरक नियमात लिहिता येणे अशक्य नाही.

शेवटी गाइड. अर्ज, परीक्षा, मुलाखत, संशोधन मान्यता समिती (आरआरसी) हे सगळे पार पडले तरी प्रवेश अडतो तो मार्गदर्शकाच्या होकारावर. मार्गदर्शक व्हायला कायम नोकरी, स्वतःची पीएच.डी. आणि ठरावीक शोधनिबंध लागतात. अशा कायम पदांवर अपंग प्राध्यापक मोजके आहेत, आणि अपंगत्व अभ्यासात काम केलेले त्याहून मोजके. पण सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागातून किंवा दुसऱ्या संस्थेतून घेण्याची मुभा आजच्या नियमांत आहे. समाजशास्त्राच्या गाइडसोबत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतली व्यक्ती, किंवा देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या अपंगत्व अभ्यास केंद्रातली व्यक्ती सहमार्गदर्शक होऊ शकते. त्यासाठी आयोगाच्या नव्या पत्रकाची वाट पाहायला नको. पुढच्या प्रवेशफेरीच्या जाहिरातीत सहमार्गदर्शकांची अशी यादी आणि संस्थेच्या पात्रतेचे ते एक पान छापायला विद्या परिषदेचा एक ठराव पुरेसा आहे.